एकटा होता तेव्हा तो स्वतःबद्दल काहीच बोलला नाही

जॉन डार्नील या गायकाचा, सुरुवातीला बहुतेक त्याच्या एकट्याचाच असलेला, माउंटन गोट्स हा अमेरिकन बँड ज्यांनी जुन्या रेकॉर्डिंगपासून ऐकलाय त्यांना ती घरघर माहीत असते. गाणं सुरू व्हायच्या आधी क्षणभर नुसता मोटर फिरल्याचा आवाज, मग खणखणीत गिटार, मग एक माणूस जवळजवळ ओरडतच गायला लागतो आणि गाणं संपून बटण खटकन बंद होईपर्यंत ती घरघर मागे चालूच राहते. कारण अगदी साधं आहे. रेकॉर्डिंग ज्यावर झालं तो पॅनासोनिकचा आरएक्स-एफटी५०० हा घरगुती बूमबॉक्स, त्याचा माइक त्याच्या अंगातच बसवलेला, आणि कॅसेट फिरवणारी मोटर त्याच प्लास्टिकच्या डब्यात, माइकच्या शेजारी. मग माइक काय करणार, गाण्याबरोबर मोटरही इमानेइतबारे टिपणार. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबून स्वतःचा आवाज भरून बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर या घरघरीवर लोकांचं भयंकर प्रेम आहे. माझंही आहे. पण या प्रेमाच्या पोटात एक समजूत दडलेली असते आणि ती मला गेले बरेच दिवस खटकतेय, म्हणून हा लेख. समजूत अशी की माणूस एकटा, हातात गिटार, समोर स्वस्तातलं यंत्र, म्हणजे तो खरं बोलतोय, आतलं बोलतोय. आणि मग बँड आला, स्टुडिओ आला, ड्रम आले की ते खरेपण पातळ झालं. माउंटन गोट्सची कारकीर्द नीट क्रमाने बघितली तर नेमकं उलटं दिसतं, आणि ते इतकं स्पष्ट दिसतं की मला आश्चर्य वाटतं यावर लोक फारसे बोलत कसे नाहीत.

आधी थोडी माहिती, कारण मराठीत या माणसाबद्दल फार काही लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. जॉन डार्नील, जन्म १९६७ चा, इंडियानातल्या ब्लूमिंग्टनचा, पण वाढला कॅलिफोर्नियात. घरी सावत्र वडील, हात उचलणारे. शाळा संपल्यावर तो ओरेगनमधल्या पोर्टलंडला गेला आणि तिथे ड्रग्जच्या नादाला लागून जवळजवळ संपलाच होता. त्यातून कसाबसा बाहेर पडून कॅलिफोर्नियात परत आला आणि नॉरवॉक नावाच्या गावातल्या मेट्रोपॉलिटन स्टेट हॉस्पिटलमध्ये, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, नर्स म्हणून काम करायला लागला. राहायला तिथेच, हॉस्पिटलच्या आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या खोल्यांमध्ये. कविता आधीपासून लिहायचा. ड्युटी संपली की खोलीवर यायचं, कवितेला गिटारच्या तीनचार कॉर्ड लावायच्या आणि बूमबॉक्सवर भरून टाकायचं. बस, एवढंच. याला प्रोजेक्ट वगैरे म्हणणंही जरा जास्तच होईल. बँडचं नाव स्क्रीमिन जे हॉकिन्स या जुन्या अमेरिकन गायकाच्या एका गाण्यातल्या ओळीतून उचललं आणि १९९१ मध्ये श्रिम्पर नावाच्या एका छोट्या कॅसेट लेबलने त्याची पहिली कॅसेट काढली. त्याच सुमाराला तो क्लेअरमाँटच्या पिट्झर कॉलेजमध्ये इंग्रजी साहित्य शिकायला गेला, १९९५ मध्ये डिग्री घेतली, आणि कॅसेटी, सिंगल, छोटे अल्बम निघतच राहिले. १९९४ मध्ये पहिला पूर्ण लांबीचा अल्बम, मग १९९५, ९६, ९७, असं दर वर्षी काहीतरी. किती गाणी लिहिली असतील याचा त्याला स्वतःलाही नीट हिशेब नसावा.

त्याची रेकॉर्ड करायची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण गाण्यांचा स्वभाव तिथून आलाय. गाणं लिहून झालं की शाई वाळायच्या आत रेकॉर्ड. बूमबॉक्सवर एकावर एक ट्रॅक चढवता येत नाहीत, चूक सुधारता येत नाही, चुकलं तर कॅसेट मागे घ्या आणि पहिल्यापासून गा, किंवा चूक तशीच ठेवा. शिवाय असल्या घरगुती यंत्रांमध्ये आवाजाची पातळी यंत्र आपली आपणच ठरवत असतं, आवाज मोठा झाला की दाबायचा, लहान झाला की वर ओढायचा. आता हळू गायलं तर काय होणार? यंत्र पातळी वर ओढणार, आणि आवाजाबरोबर मोटरही वर येणार. म्हणजे त्या डब्यासमोर कुजबुजणं शक्यच नव्हतं, मोटरच्या वर जायचं तर ताणूनच गायला लागणार, गिटार पण बोटांनी छेडत बसण्यात अर्थ नाही, सपासप हात मारायचा. लोक ज्याला ‘कच्ची, जिवंत, थेट काळजातून आलेली’ गायकी म्हणतात तिच्यातला निम्मा भाग हा त्या माइकची सक्ती होती असं मला वाटतं. ती गाणी ग्रेटच आहेत, पण यंत्राच्या मर्यादेला आपण माणसाचा प्रामाणिकपणा समजून बसलो तर गडबड होते.

एकट्या माणसाचं आकर्षण फक्त या बँडपुरतं नाही म्हणा. जस्टिन व्हर्नन या अमेरिकन गायकाचं बघा. आधीचा बँड मोडला, तब्येत बिघडली, हा विस्कॉन्सिनला जाऊन वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये २००६-०७ चा हिवाळा काढतो, गाणी घेऊन बाहेर येतो आणि बोन इव्हेर हा त्याचा नवा बँड सुरू होतो. नंतर तो मोठा बँड झाला, २०१२ मध्ये बेस्ट न्यू आर्टिस्टचं ग्रॅमी मिळालं, आवाजाची मोडतोड करून करून तो कुठल्या कुठे गेला, पण कुणीही त्याच्याबद्दल लिहायला बसलं की पहिल्या पॅराग्राफमध्ये ती केबिन येतेच. बर्फ, लाकडं, दुःख. आपल्याला एकांतात तप करून परत आलेला माणूस फार आवडतो, आपल्याकडे तर ते पुराणांपासून आहे.

माझा एक मित्र आहे, याला मी माउंटन गोट्स ऐकायला लावलं, म्हणजे पाप माझंच. त्याचं म्हणणं असं की २००२ नंतर या माणसाने काहीही केलेलं नाही. ‘अरे, ड्रम कशाला पाहिजेत? तो एकटाच बरा होता, तेव्हा तो मनातलं सांगत होता.’ हे तो इतक्या ठामपणे सांगतो की मला दर वेळी तेच उत्तर द्यावं लागतं, आणि दर वेळी तो ऐकत नाही. इथे सविस्तर लिहितो, वाचलं तर वाचेल.

मनातलं सांगत होता? बरं. त्या बूमबॉक्सच्या काळातल्या गाण्यांत ‘मी’ कोण आहे ते बघू. बहुतेक गाण्यांत ‘मी’ आहेच, आणि तो ‘मी’ कुठेतरी निघालेला असतो, गावांची नावं घेतलेली गाणी तर ढिगाने आहेत, कुठल्या कुठल्या शहरांना निघालेली माणसं. कुणाचं लग्न बुडतंय, कुणी दारात उभं आहे, कुणी भर उन्हात फोनची वाट बघतंय. एक नवरा-बायकोची जोडी आहे, चाहते त्यांना अल्फा कपल म्हणतात, ती जोडी नव्वदच्या दशकभर वेगवेगळ्या अल्बममधल्या गाण्यांतून डोकावत राहते, भांडते, पिते, गाव बदलते आणि पुन्हा भांडते. यातलं कुणीही जॉन डार्नील नाही. ही सगळी रचलेली माणसं आहेत. मनोरुग्णालयात रात्रंदिवस कुणाकुणाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट आठवडा जवळून बघणाऱ्या माणसाला अशी माणसं सुचणारच, पण ती तो नव्हे. लावणीत ‘मी’ म्हणून जी बाई बोलते ती राम जोशी किंवा होनाजी बाळा स्वतः आहेत असं कुणी समजत नाही ना? मग इथे फक्त गिटार आहे आणि रेकॉर्डिंग खराब आहे म्हणून तो ‘मी’ गायकाचाच, हे कुठून आलं?

म्हणजे हिशेब असा लागतो. सावत्र बापाचा मार, पोर्टलंडची ती वर्षं, सुयांच्या आणि पावडरींच्या संगतीतले मित्र, हा सगळा माल त्याच्याकडे १९९१ मध्येही होता. एकटा होता, खोलीचं दार बंद होतं, समोर बूमबॉक्स, ऐकणारं कुणी नाही, कॅसेट तरी कितीशा खपणार. यापेक्षा सुरक्षित जागा कुठली? आणि तरी बारा-तेरा वर्षं त्याने त्या गोष्टीला थेट हात घातला नाही. शेकडो गाणी, आणि स्वतःचं घर तेवढं वगळून.

याच काळातली एक भानगड सांगतो. १९९४ च्या अल्बममधलं ‘गोइंग टू जॉर्जिया’ हे गाणं त्याच्या जुन्या चाहत्यांचं दैवत आहे, वर्षानुवर्षं प्रत्येक शोमध्ये कुणीतरी मागून ओरडायचंच, ते म्हण, ते म्हण. त्यात एक माणूस हातात पिस्तूल घेऊन बाईच्या दारात जातो आणि ती त्याच्याकडून ते काढून घेते. डार्नीलला पुढे हे गाणं आवडेनासं झालं, बंदूक घेऊन दारात येणाऱ्या पुरुषाला रोमँटिक करून ठेवलंय आपण, असं त्याला वाटायला लागलं आणि तसं त्याने उघड सांगितलं, गाणं म्हणायचंही टाळलं. चाहते हिरमुसले. पण मला हे फार आवडतं. विशीतल्या मुलाने एका दमात रेकॉर्ड केलेल्या गोष्टीशी माणसाने जन्मभर बांधून राहावं ही अपेक्षाच विचित्र आहे, आणि ‘जुनंच खरं’ म्हणणाऱ्यांची नेमकी तीच अपेक्षा असते.

आणि तसा तो अगदी एकटाही नव्हता बरं का, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. नव्वदच्या पहिल्या निम्म्यात रेचल वेअर त्याच्याबरोबर बास वाजवायची आणि गायची, दोघं मिळून दौरे करायचे. त्याच्याही आधी ब्राइट माउंटन क्वायर नावाचा बायकांचा कोरस काही रेकॉर्डिंगमध्ये आहे. फ्रँकलिन ब्रुनोबरोबर त्याचा वेगळाच एक जोडप्रकल्प होता. रेचल वेअर ९५ च्या शेवटी बाहेर पडली आणि त्यानंतरची काही वर्षं बहुतांशी एकट्याची. म्हणजे एकटेपणा ही मूळ अवस्था आणि बँड ही नंतरची भेसळ, असं चित्र काढायचं तर बरंच काही पुसावं लागतं.

आता २००२. या एका वर्षात त्याचे दोन अल्बम आले आणि ते शेजारी ठेवून ऐकले की गंमत कळते. पहिला ‘ऑल हेल वेस्ट टेक्सास’. तेव्हा तो आयोवामधल्या एम्स गावात राहत होता, आणि हा अल्बम बूमबॉक्सवरच भरलेला, घरघरीसकट. चौदा गाणी, आणि कव्हरवरच लिहिलंय की ही गाणी सात माणसं, दोन घरं, एक मोटरसायकल आणि किशोरवयीन मुलांना कोंडून ठेवणारं एक उपचारकेंद्र यांच्याबद्दल आहेत. किती सुंदर यादी आहे ही! मित्राचा लाडका अल्बम हाच, आणि त्याबद्दल आमचं भांडण नाही. तोही सगळा कल्पित, हे मात्र मी त्याला दर वेळी आठवण करून देतो. दुसरा ‘टॅलाहासी’. हा फोरएडी या ब्रिटिश लेबलसाठी, न्यूयॉर्क राज्यातल्या टारबॉक्स रोड स्टुडिओत, टोनी डूगन हा प्रोड्यूसर आणि बासवर पीटर ह्यूज. इथून तो खऱ्या अर्थाने बँड. आणि या बँडला घेऊन त्याने पहिलं काम काय केलं तर त्या अल्फा जोडप्याला फ्लोरिडातल्या एका पडक्या घरात नेऊन ठेवलं आणि त्यांचा कायमचा निकाल लावला. दहा वर्षं ज्या कल्पित माणसांच्या आडून तो बोलत होता ती माणसं संपवली. त्यातलं ‘नो चिल्ड्रन’ हे घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या दोघांचं इतकं विषारी गाणं आहे आणि त्याची चाल इतकी उड्या मारणारी, की शोमध्ये हजार लोक एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ते गातात. २०२१ मध्ये ते टिकटॉकवर पसरलं, अल्बम निघाला तेव्हा जन्मलीही नसतील अशी पोरं ते म्हणत होती.

पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. २००४ मध्ये ‘वी शॅल ऑल बी हील्ड’ आला, प्रोड्यूसर जॉन व्हँडरस्लाइस. (या गोष्टीत जॉन फार आहेत, अजून एक पुढे यायचाय.) आणि त्यात पहिल्यांदा तो त्या जुन्या दिवसांतल्या, मेथ या ड्रगच्या नादाला लागलेल्या, खरोखरच्या ओळखीच्या माणसांबद्दल गायला. लगेच २००५ मध्ये ‘द सनसेट ट्री’. हा अल्बम त्या घराबद्दल आहे. सावत्र वडील तोवर वारले होते. मुलगा हेडफोन लावून खोलीत बसलाय, बाहेर भांडण, दार उघडतं. सतरा वर्षांचा मुलगा गाडी पळवत, दारू पीत, मैत्रिणीला भेटत, घरी परतण्याची वेळ जवळ येताना बघत स्वतःला बजावतो की जीव गेला तरी बेहत्तर, पण हे वर्ष मी काढणार. अल्बमच्या पुस्तिकेत त्याने तो जगभरात कुठेही छळ करणाऱ्या माणसांबरोबर राहावं लागणाऱ्या मुलामुलींना अर्पण केलाय, आणि सावत्र वडिलांसाठीही दोन ओळी आहेत, जिवंतपणी न मिळालेली शांती आता मिळो अशा अर्थाच्या. मी ते वाचून काही वेळ गप्प बसलो होतो. इतका राग आणि इतकी माया एका पानावर मावते कशी.

आता कुणी म्हणेल वडील गेले म्हणून तोंड उघडलं, बँडचा काय संबंध. बरोबर आहे, वडील जाणं हे मोठं कारण आहेच, त्याने स्वतःही ते लपवलेलं नाही. बँडमुळेच झालं असं मी म्हटलं तर तो आगाऊपणा होईल. पण पोर्टलंडची गोष्ट अडवायला कुणी वडील बसले नव्हते, आणि तीही बँड झाल्यावरच आली. मला वाटतं असं की स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगायला बंद खोली पुरत नाही, उलट बंद खोलीत ती सांगताच येत नाही, तिथे ती पुन्हा घडायला लागते. शेजारी कुणीतरी बास धरून बसलेलं असावं लागतं. पीटर ह्यूजचा बास ऐका या अल्बमवर, दिखाऊ असं काही नाही, तो नुसता खाली जमीन घालत जातो. एरिक फ्रीडलँडरचा चेलो आहे, जिथे शब्द थांबतात तिथे तो पुढे बोलतो. एकटा असता तर ते थांबणं परवडलं नसतं, कारण बूमबॉक्ससमोर तो थांबला की मागे मोटर तेवढी उरते.

आणि आवाज! बँड आला म्हणजे गोंगाट वाढणार असं वाटतं ना, पण डार्नीलचा आवाज बँड आल्यावर खाली आला. स्टुडिओतला माइक श्वासही टिपतो, मग ओरडायची गरज संपली. २००६ चा ‘गेट लोनली’ ऐकून बघा, अख्खा अल्बम तो जवळजवळ पुटपुटत गातो, सकाळी रिकाम्या घरात उठणाऱ्या माणसासारखा. त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात एकाकी अल्बम हा आहे, आणि तो चारचौघांनी मिळून केलेला आहे. यावर मित्राकडे उत्तर नसतं. मग तो विषय बदलतो.

२००७ च्या आसपास तिसरा जॉन आला, जॉन वुर्स्टर, सुपरचंक या नॉर्थ कॅरोलिनाच्या बँडचा ड्रमर. डार्नील तोवर तिथल्याच डरहॅमला स्थायिक झाला होता. वुर्स्टर हा अतिशय समजूतदार ड्रमर, शब्दांवर पाय देत नाही. २०११ पासून बँड मर्ज रेकॉर्ड्सवर गेला, ते लेबल सुपरचंकच्याच दोघांनी १९८९ मध्ये काढलेलं, म्हणजे एका अर्थी घरचंच. मग मॅट डग्लस आला, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, कीबोर्ड, जे हाताला लागेल ते वाजवणारा. मधले सगळे अल्बम मी इथे मोजत बसत नाही, काही मला लागले, काही नाही. २००९ चा अल्बम आहे त्यातल्या प्रत्येक गाण्याचं नाव बायबलमधल्या वचनाचा क्रमांक आहे, तो थोर. २०१५ चा ‘बीट द चॅम्प’ लहानपणी बघितलेल्या कुस्तीच्या शोंवर आहे आणि त्यात चावो गेरेरो या पैलवानावरचं गाणं आहे, लहान मुलगा टीव्हीसमोर बसून त्याचा जयजयकार करतोय, आणि बघता बघता त्या गाण्यात सावत्र बाप परत येतो. २०१७ च्या ‘गॉथ्स’मध्ये तर गिटारच नाही. ज्या माणसाची अख्खी ओळख गिटारवर सपासप मारलेला हात अशी होती त्याने गिटार खुंटीला टांगली आणि पियानोसमोर बसला. बाजूला कादंबऱ्याही लिहिल्या, पहिलीच २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या लाँगलिस्टवर गेली. मी त्याची गाणी जास्त मानतो, पण ते जाऊ दे.

बँडचा एक व्यवहारही असतो, तो लिहिताना लोक जरा संकोचतात. एकट्याचा दौरा म्हणजे एक गिटार, एक तिकीट, कुणाच्या तरी सोफ्यावर झोप. चौघांचा दौरा म्हणजे व्हॅन, खोल्या, साउंडवाला, टीशर्ट विकणारा माणूस, आणि त्या प्रत्येकाचं घरभाडं. कॅसेट-सीडी विकून पोट भरायचे दिवस गेले, इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेबलवरचा, बँड जगतो तो दौऱ्यांवर. म्हणजे तुम्ही बँड केलात की तुमच्या गळ्यावर चारसहा घरं चालायला लागतात. एकट्याला कंटाळा आला म्हणून वर्षभर गप्प बसता येतं, बँडला नाही. जुन्या चाहत्यांना ‘तो एकटाच बरा होता’ म्हणताना हेही कळत नाही की आपण त्या माणसाला कायम हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहा असं सांगतोय.

आणि मग २०२०. मार्च महिना, बँड नुकताच मेंफिस आणि मसल शोल्स इथल्या स्टुडिओंत एकामागोमाग एक दोन अल्बम भरून मोकळा झालेला. दौरे ठरलेले. सगळं बंद. डार्नील डरहॅमला घरी, आणि बाकीचे आपापल्या घरी, उत्पन्न शून्य. तेव्हा त्याने काय केलं तर तोच जुना पॅनासोनिक बाहेर काढला. पिएर शुव्हाँ या फ्रेंच इतिहासकाराचं शेवटच्या पेगन लोकांवरचं, म्हणजे ख्रिस्ती धर्म राजधर्म झाल्यावरही जुने देव न सोडणाऱ्यांवरचं, पुस्तक वाचत होता, त्यावर रोज एक अशा चालीने गाणी लिहिली आणि जुन्यासारखीच भरली. एकटा, घरघरीसकट. एप्रिलमध्ये हजार कॅसेट काढल्या, काही मिनिटांत संपल्या. जुने चाहते खूश, आला बघा आमचा माणूस परत! पण ते पैसे कशासाठी होते? बँडमधल्या आणि क्रूमधल्या लोकांची बुडालेली कमाई भरून काढायला. अठरा वर्षांनी तो बूमबॉक्ससमोर एकटा बसला तो त्या बाकीच्यांसाठी. ही गोष्ट मला कुणी कादंबरीत लिहून दाखवली असती तर मी म्हटलं असतं फारच जुळवून आणलंय.

शोमध्येही हे दिसतं, व्हिडिओ शोधून बघा. अर्धा कार्यक्रम झाला की बाकीचे स्टेजवरून उतरतात, तो एकटा तीनचार जुनी गाणी म्हणतो, लोक वेडे होतात. मग बाकीचे परत येतात. त्या मधल्या गाण्यांत तो ज्या बेफिकिरीने गातो, शब्द विसरला तर हसतो, मधेच गोष्ट सांगत सुटतो, ती बेफिकिरी ‘ते पाच मिनिटांत परत येणार आहेत’ या खात्रीतून येते असं मला कायम वाटत आलंय.

२०२३ मध्ये ‘जेनी फ्रॉम थीब्ज’ आला, वेस्ट टेक्सासवाल्या अल्बममधल्या त्याच माणसांची पुढची गोष्ट, पण या वेळी पूर्ण बँड, ब्रास, सगळा थाटमाट. मित्राला मी लिंक पाठवली, त्याने दोन गाणी ऐकून ‘म्युझिकल नाटक वाटतंय’ असा निरोप दिला. वाटतंयच. मला त्यात वाईट काही दिसत नाही, त्या मोटरसायकलवाल्या जेनीला एकदा तरी चांगला साउंड मिळाला. मग २०२४ मध्ये पीटर ह्यूज बँडमधून बाहेर पडला. वीसेक वर्षं. भांडणाच्या बातम्या नाहीत, काही नाही, माणूस थकतो, त्याला दुसरं काही करायचं असतं. २०२५ मध्ये त्याच्याशिवायचा पहिला अल्बम आला आणि त्याची गोष्ट काय तर जहाज फुटून एका निर्जन बेटावर अडकलेले खलाशी, सुरुवातीला तिघं उरलेले, आणि हळूहळू कमी होत जाणारे. मी यात ह्यूजला शोधायचा मोह आवरतो, कारण वर एवढं सगळं लिहून झाल्यावर पुन्हा ‘मी’ म्हणजे गायकच असं मीच म्हणायला लागलो तर मित्र मला सोडणार नाही. पण बासची जागा ऐकताना कान आपोआप तिकडे जातो, त्याला माझा इलाज नाही.

कुणाला नव्याने ऐकायचं असेल तर बहुतेक लोक बूमबॉक्सपासून सुरुवात करा म्हणतात, क्रमाने. मी म्हणेन करू नका. आधी २००५ चा ऐका, मग २००६ चा, आणि त्यानंतर मागे वेस्ट टेक्सासला जा. तिथला ओरडणारा पोरगा मग वेगळा ऐकू येतो, चौदा गाण्यांत सात माणसांबद्दल बोलतोय आणि आठव्याचं नाव घेत नाहीये.